विहिरीची नोंद आणि शेतकऱ्याचं सांगणं जुळत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही ते तुम्हाला ताडून बघता येईल. बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या खडकाच्या, भागातल्या पाच गावांत तुम्ही ४२ विहिरींची पाणीपातळी दीड वर्ष दर महिन्याला मोजलीत. त्याच गावांतल्या १३० कुटुंबांकडून प्रश्नावली भरून घेतलीत. तुमच्या नोंदी आणि जवळच्या सरकारी निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी एकत्र पाहिल्या तर पातळी खाली गेल्याचं दिसत नाही. पण चारातली तीन कुटुंबं म्हणतात, पाणी पूर्वीपेक्षा कमी झालंय. भूशास्त्रातल्या तुमच्या गाइड म्हणतात, प्रश्नावली काढून टाका, लोक योजनेच्या आशेने काहीही सांगतात. समाजशास्त्रातले सहमार्गदर्शक म्हणतात, लोकांचा अनुभव खोटा कसा असेल, मोजमाप तपासा. आणि तुम्ही विचारताय, चूक कुणाची धरू?

अजून कुणाचीच धरू नका. तुमच्या हातात एकाच प्रश्नाची दोन विरोधी उत्तरं नाहीत, दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत, आणि ते दोन प्रश्न कोणते हे अजून कुणी लिहून काढलेलं नाही. ते लिहून काढणं हेच तुमच्या प्रबंधाचं खरं काम ठरू शकतं. मी भूजलाचं काम गेली बावीस वर्षं करते, त्यातली सोळा वर्षं एका समाजशास्त्रज्ञ सहकाऱ्याबरोबर. नोंदी आणि सांगणं जुळत नाही असा प्रसंग आमच्या जवळपास प्रत्येक पाणलोटात आला आहे. त्यामुळे खाली जे लिहिते ते बहुतेक तिथूनच आलेलं आहे.

सुरुवातीलाच एक अट सांगते. हे सगळं बेसाल्टला लागू आहे. तुमच्या विहिरी तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात असत्या तर मी वेगळं लिहिलं असतं. तिथे जाड गाळात पाण्याचा मोठा साठा असतो, उपसा वाढला की पातळी वर्षानुवर्षं हळूहळू उतरत जाते आणि ते आलेखावर सरळ दिसतं. आपल्या काळ्या खडकाचं वागणं तसं नाही, आणि तुमच्या कोड्याचा अर्धा उलगडा तिथेच आहे.

बेसाल्टमध्ये पाणी मावतंच कमी. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला मांजऱ्या खडक, कातळातल्या भेगा, दोन थरांच्या मधली फट, एवढ्यातच काय ते पाणी. विहिरीच्या पट्ट्यातला खडक पातळी उतरली की आपल्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के पाणी सोडतो. दोन टक्के धरून हिशेब करा. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली की मिळतं २०० घनमीटर पाणी. एक हेक्टर कांद्याला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची तर लागतं ५०० घनमीटर. म्हणजे एका पाळीला त्या हेक्टरखालची पातळी अडीच मीटर उतरते. उलट बाजूही पाहा. पावसाळ्यात १०० मिलिमीटर पाणी खडकात मुरलं तर पातळी पाच मीटर वर येते. म्हणून बऱ्यापैकी पावसाच्या प्रत्येक वर्षी ऑक्टोबरात विहीर पुन्हा भरते, मागच्या उन्हाळ्यात कितीही उपसलेली असली तरी. जुनं वर्ष पुसलं जातं.

आता ऑक्टोबरच्या पातळ्या वीस वर्षं एका रेषेत मांडल्या तर ती रेषा सपाटच येणार. वर्षाची सरासरी काढली तरी फारसं काही दिसणार नाही. इथे टंचाई पातळी खोल जाण्यापेक्षा पाणी लवकर संपण्यातून जास्त कळते. ज्या विहिरीवर एके काळी मार्चअखेरपर्यंत मोटार चालायची, तिथे आता जानेवारीतच उपसा तुटतो. ऑक्टोबरची पातळी तीच, मेची पातळीही जवळपास तीच, कारण मे महिन्यात विहीर तेव्हाही तळाला होती आणि आजही तळालाच आहे. फरक पडला तो मधल्या उताराला. शेतकरी त्या उतारावर जगतो, आणि वर्षातून चार वेळा होणाऱ्या सरकारी मोजणीत तो उतार सहज निसटतो. सबंध राज्यात सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रं आणि साडेतीन हजारांवर निरीक्षण विहिरी आहेत, म्हणजे सरासरीने एका पाणलोटाला दोन-तीन. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पन्नास वर्षांची अशी सलग नोंद सहज मिळत नाही. पण ती राज्याचा अंदाज घेण्यासाठी आहे, एका वाडीतल्या भांडणाचा निवाडा करण्यासाठी नाही.

तेव्हा पहिलं काम घरी बसून करा. तुमच्याकडे दीड वर्षाच्या मासिक नोंदी आहेत. सरासरी बाजूला ठेवा आणि प्रत्येक विहिरीचा ऑक्टोबर ते मे हा उतार वेगळा काढा. कुठल्या महिन्यात तो एकदम मोडतो ते बघा. मला वाटतं, तुमच्या ४२ विहिरींचे तिथेच दोन-तीन गट पडतील.

आणखी एक गोष्ट तपासा: मोजणीची वेळ. तुम्ही बहुधा सकाळी मोजत असाल, कारण मोटार बंद असते आणि पातळी स्थिर मिळते. शास्त्राने ते बरोबर आहे. पण सहा मीटर व्यासाच्या विहिरीत मीटरभर पाणी म्हणजे जेमतेम २८ हजार लिटर. पाच एचपीची मोटार तेवढं पाणी तासाभरात उपसते. विहीर रात्रभरात भरून आली याचा अर्थ सभोवतालच्या खडकात भरपूर पाणी आहे असा होत नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पात एका विहिरीवर मी दर महिन्याला सकाळी नऊला टेप सोडायची. तिथली बाई एकदा म्हणाली, ‘ताई, आत्ता बघून काय कळणार? मोटार तुटल्यावर या, म्हणजे दिसेल विहिरीला किती पाझर आहे ते.’ त्या दिवसापासून मी काही निवडक विहिरींवर उपसा संपल्यानंतरची भरण मोजायला लागले: पहिल्या तासात किती, दुसऱ्या तासात किती. शेतकरी ‘विहीर दोन तास चालते’ म्हणतो तेव्हा तो हीच भरण सांगत असतो. ते त्याचं एकक आहे, आणि चांगलं एकक आहे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ‘पाणी पूर्वीपेक्षा कमी झालं आहे का?’ या तुमच्या प्रश्नातला जवळपास प्रत्येक शब्द मोकळा आहे. पूर्वी म्हणजे कधी? साठीच्या माणसाच्या मनात १९७२ नंतरचा काळ असेल, तिशीतल्याच्या मनात २०१६ च्या आधीचा. पाणी म्हणजे कुठलं? विहिरीचं, बोअरचं, ओढ्याचं की नळाचं? आणि कमी म्हणजे कशाच्या मानाने? ज्वारी-हरभरा सोडून कांदा किंवा डाळिंब घेतलं की तेवढंच पाणी कमी पडायला लागतं. हे खोटं नाही, पण ते मागणीबद्दलचं विधान आहे. तुम्ही ते पुरवठ्याबद्दलचं समजून आलेखाशी ताडलंत.

सामायिक विहिरींबद्दल जरा थांबून सांगते, कारण समाजाचं कारण आणि खडकाचं कारण एकमेकांत कसं गुंततं ते इथे लख्ख दिसतं. तुमच्या गावांत एकाच मालकाच्या विहिरी किती आहेत आणि हिश्श्याच्या किती? जुन्या विहिरीत कुणाचे आठ आणे असतात, कुणाचे चार, कुणाचे दोन. आजोबांच्या काळी दोन भाऊ होते आणि पाळी एक दिवसाआड यायची. वाटण्या झाल्या, आता आठ खातेदार झाले आणि पाळी आठव्या दिवशी येते. त्यात थ्री-फेज वीज ठरावीक तासच, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी म्हाताऱ्या माणसाला किंवा एकट्या बाईला घेता येत नाही, ती वाया जाते. अशा घरी जाऊन विचारलंत तर उत्तर येणार, पाणी कमी झालं. शंभर टक्के खरं उत्तर. त्या विहिरीची पातळी मात्र एक सेंटिमीटरही बदललेली नसेल. तुमच्या गाइडना हे उत्तर चुकीचं वाटेल, कारण त्या पातळी विचारत आहेत. सहमार्गदर्शकांना पातळीची नोंद निरर्थक वाटेल, कारण ते वाट्याबद्दल विचारत आहेत. दोघांच्या मध्ये विहीर आहे आणि तिच्याकडे दोन्ही अंगांनी बघणाऱ्या तुम्ही एकट्या आहात.

असा पेच तुमच्या आधीही पडलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना दरडोई दररोज २,२५० कॅलरी ही पातळी धरली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचं म्हणणं असं की एकाच निरोगी माणसाचं खाणं आणि गरज वेळोवेळी बदलत असते, त्यामुळे सरासरीखाली दिसणारा प्रत्येक जण कुपोषित मोजला तर आकडा फुगतो. दांडेकरांना ते पटलं नाही आणि पुण्यातल्या या दोन मोठ्या संख्याशास्त्रीय डोक्यांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. आकडेमोड दोघांनाही येत होती. वादाचं मूळ, तो आकडा नेमकं काय मोजतो यात होतं. तुमचा पेच त्याच जातीचा आहे, फक्त कॅलरीच्या जागी मीटर आहेत.

आणि एकाच माणसाने दोन्ही बाजू सांभाळल्याचं उदाहरण हवं असेल तर हॅरल्ड मान यांचं घ्या. मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं आणि तिथली माती, विहिरी, जमिनीचे तुकडे, घरोघरचं उत्पन्न आणि कर्ज असं सगळं एका अभ्यासात आणलं. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज त्या गावावर उंच इमारती उभ्या आहेत, पण त्याची रीत शिळी झालेली नाही: गाव तेच, शेत तेच आणि त्याच शेताला दोन्ही प्रकारचे प्रश्न.

तुमच्या आखणीत नेमकं हेच राहून गेलंय. तुमच्या ४२ विहिरी एकीकडे आहेत आणि १३० कुटुंबं दुसरीकडे. त्यातली किती कुटुंबं याच ४२ विहिरींवर आहेत? तुमच्या वर्णनावरून वाटतं, पाव हिस्सासुद्धा नसतील. मग जुळत नाही म्हणजे काय जुळत नाही? ज्या विहिरी मोजल्या त्यांच्याबद्दल विचारलं नाही, आणि ज्यांच्याबद्दल विचारलं त्या मोजल्या नाहीत. दोन्हीकडे एकक ‘विहीर’ हेच ठेवा. प्रत्येक विहिरीचे सगळे हिस्सेदार लिहून काढा, दोन आणेवाल्यासकट, आणि त्यांना त्याच विहिरीबद्दल विचारा.

विचारतानाही मत विचारू नका, घटना विचारा. ‘या वर्षी संक्रांतीला मोटार किती तास चालत होती? शिमग्याला किती? अक्षय्य तृतीयेला चालत होती का?’ महिन्यांची इंग्रजी नावं घेण्यापेक्षा सणांवर आठवण पक्की बसते, आणि पाण्याचं वर्षही त्याच क्रमाने उतरतं. मागच्या वर्षांसाठी खुणेचे दगड वापरा: लातूरला रेल्वेने पाणी गेलं तो उन्हाळा, लॉकडाउनचा उन्हाळा, घरातलं लग्न, बोअर मारली ते वर्ष. त्यापलीकडची आठवण मी आकड्यात धरत नाही. ती गोष्ट म्हणून लिहून घेते.

आता एक सावधगिरी. लोकांचं सांगणं म्हणजे अंतिम सत्य, असंही मी म्हणत नाही. टेपला जशी चूक असते तशी आठवणीलाही असते. ‘आमच्या लहानपणी विहिरी तुडुंब असायच्या’ हे मी प्रत्येक गावात ऐकलं आहे, जिथे विहिरीच पन्नास वर्षांपूर्वी खोदलेल्या आहेत तिथेही. गाडीतून कागद घेऊन उतरलेल्या माणसाला काय सांगायचं याचा एक अंदाज गावाला असतो. जिथे बंधाऱ्यांची योजना नुकती झाली आहे तिथे पाणी वाढलं सांगतात, जिथे व्हायची आहे तिथे कमी झालं सांगतात. तुमच्या गाइडची शंका म्हणून अगदीच बिनबुडाची नाही. पण उपाय प्रश्नावली फेकून देणं हा नाही, आठवणीची चूक किती आहे ते मोजणं हा आहे. दहा विहिरींवर विचारलेले तास आणि घड्याळ लावून मोजलेले तास यांची तुलना करा. लोक सारखेच अर्धा तास जास्त सांगत असतील, तर ती तुमच्या साधनाची ज्ञात चूक झाली. मग तिच्यासकट ते साधन वापरता येतं.

मोजमापाची चूक सांगण्यातून कशी सापडते तेही ऐका. आमच्या एका मालिकेत एका विहिरीची पातळी एका महिन्यात अचानक साठेक सेंटिमीटर बदललेली दिसत होती आणि पुढे तो फरक कायम राहिला. जवळच बंधारा बांधला होता, त्यामुळे तो त्याचाच परिणाम असं आम्ही अहवालाच्या मसुद्यात लिहिलंही. माझी सहकारी त्या घरी बाकीच्याच कामासाठी बोलायला गेली, तेव्हा आजी सहज म्हणाल्या, दिवाळीला नवीन कठडा बांधला, नातू पडायला नको म्हणून. आम्ही कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजत होतो. मोजण्याची जागा हलली होती, पाणी जागेवरच होतं. ते पान आम्ही मसुद्यातून काढलं. तेव्हापासून विहिरीच्या आत पक्क्या खडकावर रंगाची खूण केल्याशिवाय मी एकही नोंद सुरू करत नाही. तुमच्या ४२ विहिरींना अशी खूण आहे का, ते आधी बघा.

बोअरबद्दल मिळालेल्या उत्तरांवर फार भार टाकू नका. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्याने बंधन आणलं, २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आली. बोअर किती फूट हे अनोळखी माणसाला खरं सांगण्यात शेतकऱ्याचा तोटाच आहे. खोली हवी असेल तर शेतकऱ्याला न विचारता बोअर मारणाऱ्या गाडीवाल्यांशी परिसराबद्दल सर्वसाधारण बोला, कुठल्याही एका शेताचं नाव न घेता. आणि इथे मला आग्रहाने सांगायचंय: तुमच्या जीपीएसच्या नोंदी कुणाविरुद्ध पुरावा ठरू शकतात. प्रबंधाच्या नकाशात विहिरीची नेमकी जागा देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या आणि क्रमांक-नावांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा. भूशास्त्रात आपल्याला ही सवय लावलेली नसते, कारण खडकाला अब्रू नसते. विहिरीला मालक असतो. हे मी माझ्या समाजशास्त्रज्ञ सहकाऱ्याकडून शिकले आणि त्याबद्दल तिची कायमची ऋणी आहे.

संख्याशास्त्राबद्दल थोडक्यात. पातळी आणि ‘हो/नाही’ यांचा सहसंबंध काढत बसू नका, आधीच्या कारणांमुळे त्यातून अर्थ निघणार नाही. पाच गावांतली १३० कुटुंबं म्हणजे १३० स्वतंत्र मतंही नव्हेत. एका आळीत, एका ओढ्यावर राहणारी माणसं एकच बोलणं बोलतात. गावांची संख्या पाच आहे हे मान्य करून लिहा, परीक्षक त्यावर आक्षेप घेण्याऐवजी विश्वास ठेवतील.

आता वेळेचा प्रश्न, आणि हे खरोखर तुमच्या परिस्थितीवर आहे. सबमिशनला वर्षभर असेल तर वर सांगितल्याप्रमाणे हिस्सेदारांची यादी करून पुढचा हिवाळा आणि उन्हाळा पुन्हा करा. सहाच महिने असतील तर सगळ्या विहिरींचा नाद सोडा. आठ-दहा निवडा: काही जिथे नोंद आणि सांगणं जुळतं, काही जिथे अजिबात जुळत नाही. दुसऱ्या गटावर जास्त वेळ घाला, तिथेच खरं काही हाती लागेल. घरातला कर्ता पुरुष एवढ्यावर थांबू नका. पिण्याचं पाणी आणणाऱ्या बाईला विचारा आणि जिच्या घराला विहिरीत हिस्साच नाही तिलाही विचारा. आणि तीन महिनेच असतील तर नवीन काही गोळा करू नका. आहे त्या नोंदींचे उतार काढा, प्रश्नावलीतल्या उत्तरांची हिस्सा, पीक आणि वय यांप्रमाणे फोड करा आणि तफावतीवर एक वेगळं प्रकरण लिहा. तफावत लपवलीत तर व्हायव्हाला ती बाहेर येईल. प्रकरण म्हणून मांडलीत तर तीच तुमची निष्पत्ती ठरेल.

दोन्ही मार्गदर्शकांशी वेगवेगळं बोलण्यापेक्षा एकाच टेबलावर एकच विहीर घेऊन बसा. तिचा उताराचा आलेख, तिच्या हिस्सेदारांची यादी, पाळीचं वेळापत्रक आणि त्यांनी सांगितलेले मोटारीचे तास, सगळं एका कागदावर. ‘मुलाखती की मोजमाप’ हा वाद हवेत चालू राहतो, पण एका विहिरीवर आणला की दोघंही तुम्हाला तपशील विचारायला लागतील. आमच्याकडे सोळा वर्षांपूर्वी असंच झालं होतं.

त्यानंतर तोच कागद घेऊन गावात जा. आलेख जमिनीवर खडूने काढला तरी चालेल. उताराची रेषा कुठे मोडते ते दाखवा आणि त्या आठवड्यात काय झालं होतं, एवढंच विचारा. कुणी सांगेल शेजारी बोअर लागली, कुणी सांगेल डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाला होता आणि वीज आल्यावर सगळ्यांनी एकदम उपसलं, कुणी म्हणेल त्या आठवड्यात कांद्याला शेवटचं पाणी होतं. हे शिमग्याच्या आधी करा. नंतर विहिरी तळाला जातात आणि माणसं टँकरच्या मागे लागतात, तेव्हा आलेख बघायला कुणाला उसंत नसते, आणि त्या दिवसांत त्यांचा वेळ मागूही नये.